ताईच्या घराचे अकरा हप्ते

माझ्या ताईचा कोणावरही विश्वास नाही. मी हे तिच्या पाठीमागे बोलते आहे असं समजू नका. ती स्वतःच येता-जाता सांगते, आणि तेही अशा थाटात, की जणू एखादी पदवी मिळवली आहे. दुधाच्या पिशवीवर अर्धा लिटर छापलेलं असलं तरी ती घरी येऊन मापाने मोजते. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी असली तर पाचवी म्हणूनसुद्धा चढत नाही. पाटी लावणाऱ्याने माणसं केवढी धरली होती कोण जाणे, म्हणते. डॉक्टरने गोळी लिहून दिली की औषधाच्या दुकानदाराला विचारते, आणि दुकानदाराने 'बरोबर आहे' म्हटलं की दोघांचं साटंलोटं असणार असा निष्कर्ष काढून अर्धीच गोळी घेते.

मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. मी लोकांना मोटार चालवायला शिकवते. अनोळखी माणसाच्या हातात चाक द्यायचं, शेजारी बसायचं आणि 'घाबरू नका, मी आहे' म्हणायचं, हा माझा धंदा. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो हे खरं, पण तो सारखा दाबून ठेवला तर गाडी जागची हलायचीच नाही. एकाच आईच्या पोटी आम्ही दोघी कशा आलो, याचा तपास ताईने अजून कसा केला नाही याचं मला नवल वाटतं.

ताई कवळ्या बनवते. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तीन टेबलांची प्रयोगशाळा आहे. जमिनीवर कायम प्लास्टरची पांढरी पूड, हवेत गरम मेणाचा वास, कोपऱ्यात पॉलिशच्या चाकाची घरघर. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात आणि ही माणसं त्यावर मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करतात. ताई तिथे बावीस वर्षं आहे. सगळे तिला 'फौजदार' म्हणतात, अगदी तोंडावर. पण मालक तिला फुलासारखं जपतात, कारण तिचा संशय तिथे कामाला येतो. साचा हातात घेऊन ती सांगते, "हा माणूस तोंड उघडताना जबडा डावीकडे ओढतो. डॉक्टरने बघितलेलं नाही. परत पाठवा." डॉक्टर चिडतात, परत साचा घेतात, आणि ताईचं खरं निघतं.

तिचा हा स्वभाव जन्माचा नाही. आमचे वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. एका मित्राला कर्जासाठी जामीन हवा होता. वडिलांनी अर्जावर सही केली तेव्हा रकमेची जागा कोरी होती. "नंतर भरतो रे," मित्र म्हणाला, आणि त्याने ती भरली, मग गाव सोडलं. पुढची नऊ वर्षं वडिलांच्या पगारातून ते पैसे कापले गेले. मी तेव्हा पाळण्यातून नुकती उठले होते म्हणायला हरकत नाही, मला त्याची झळ आठवत नाही. ताई मात्र जाणती होती. तिचा चित्रकलेचा वर्ग बंद झाला. वर्गाच्या बाईंनी 'फी राहू दे, तू ये' असा निरोप पाठवला होता, पण वडिलांना ते लाजिरवाणं वाटलं. ताईने रंगाची पेटी पलंगाखाली सरकवली आणि त्या दिवसापासून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्यावरच्या सगळ्या कोऱ्या जागांवर लाल पेनाने आडवी रेघ मारायला सुरुवात केली. शाळेचा अर्ज असो, विजेचा असो, रेघ ठरलेली. एकदा तिचं लग्न ठरत आलं होतं. तिने मुलाच्या कचेरीत जाऊन शिपायाला त्याचा पगार विचारला. मुलाने सांगितलं होतं तेवढाच निघाला. मुलगा बिचारा रुसला, पण ताईला त्याच्या खरेपणाचाच जास्त राग आला. "इतकं खरं कोण बोलतं? काहीतरी मोठं लपवत असणार," म्हणाली. तो विषय तिथेच मिटला.

नऊ वर्षांपूर्वी तिने चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं, पंधरा वर्षांच्या कर्जावर. घर घेण्याआधी टेप घेऊन भिंती मोजल्या, चार बोटं कमी भरल्या, त्याचे पैसे बिल्डरकडून कापून घेतले. पहिली चार वर्षं हप्ता मुकाट्याने चालला. मग अचानक ताईचं वागणं बदललं.

प्रयोगशाळेतून सहाला सुटणारी बाई नऊला घरी यायला लागली. विचारलं तर म्हणे, जादा काम घेतलंय, दुसऱ्या प्रयोगशाळांचं पॉलिशचं. कपडे घेणं बंद. माझ्याकडे आली की चहासुद्धा अर्धा कप, जणू उरलेल्या अर्ध्याचे पैसे मी तिला देणार होते. आणि रविवारी दुपारी दार आतून लावून बसायची. मी बेल वाजवली तर दार उघडायला तीन-तीन मिनिटं लागायची. आतून काहीतरी घाईघाईने उचलल्याचे, कपाटाचं दार लागल्याचे आवाज यायचे. वर ती माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांत रोखून बघायची. डोळ्याला डोळा भिडवून नव्हे. एका डोळ्यात बघायची, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ताईने मला आयुष्यभर संशयाने बघितलं, त्याचं मला काही नाही; पण मी ताईवर संशय घ्यायची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, कोणीतरी माणूस असणार. चव्वेचाळीसाव्या वर्षी काय हरकत आहे, असंही मी स्वतःला समजावलं. पण मग पैसे? एवढं जादा काम करून पैसे जातात कुठे? कोणीतरी तिला लुबाडत असणार. ज्या बाईने जगाला फसवू दिलं नाही तिला कोणीतरी नेमकं गाठलं असणार. मी पुरती घाबरले.

एका रविवारी ती खाली भाजी आणायला गेली. मी घरात एकटी. सांगायला लाज वाटते, पण मी कपाट उघडलं. कपड्यांच्या मागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. झाकण घट्ट बसलेलं. नखाने उचकटलं तर आतून चाळीस-पन्नास डोळे माझ्याकडे बघत होते.

मी किंचाळले. डबा पडला. डोळे फरशीभर घरंगळले, दोन पलंगाखाली गेले. मी गुडघ्यांवर बसून ते गोळा करत असतानाच ताई दारात उभी राहिली, हातात भाजीची पिशवी.

"मला माहीत होतं तू उघडणार," ती म्हणाली. "फक्त इतका उशीर लावशील असं वाटलं नव्हतं."

मग तिने सांगितलं. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत एक म्हातारी कवळीची तक्रार घेऊन आली होती. तिचा एक डोळा नकली होता, दुकानात तयार मिळतो तसला. खरा डोळा ताईकडे बघत होता आणि नकली डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे. म्हातारी बोलताना सारखी मान वळवून तो डोळा लपवायची. ताईला कवळीचं काही सुचेना. "दात मी असा बसवते की तिच्या नवऱ्यालाही कळू नये," ताई म्हणाली. "आणि डोळा असा? तिला बघून पोरं रस्ता बदलत असतील गं." तिने चौकशी केली. दूरच्या एका शहरात एक म्हातारे गृहस्थ हाताने डोळे बनवतात असं कळलं. आधी मेणात साचा घ्यायचा, मग माणसाला समोर बसवून त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बुबुळ रंगवायचं, लाल रेशमाचे तंतू सुईने पांढऱ्यावर टेकवून शिरा काढायच्या. ते वर्षाला एकच शिष्य घेतात. राहायची खोली देतात, पगार नाही. पूर्ण वर्ष द्यावं लागतं. ताईने रविवारी घरी बसून डोळे रंगवायचा सराव सुरू केला, त्यांना पत्र लिहिलं, सोबत दोन रंगवलेली बुबुळं पाठवली. त्यांनी एका ओळीचं उत्तर दिलं: हात आहे, नजर आहे, कर्ज फेडून या.

"कर्जाचं त्यांना कसं कळलं?"

"मीच लिहिलं होतं. घर डोक्यावर असताना येणार नाही म्हणून."

म्हणजे जादा पैसे बँकेत जात होते. दर सहा महिन्यांनी ताई चार हप्त्यांहून जास्त रक्कम एकदम भरत होती, कर्ज लवकर संपावं म्हणून. आणि माझ्या डोळ्यांत ती संशयाने बघत नव्हती, रंग मोजत होती. माझ्या डाव्या बुबुळात कडेला एक पिवळा ठिपका आहे. सदतीस वर्षं आरशात बघून मला तो दिसला नव्हता.

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला मिठी मारायला गेले. "हात धू आधी," ती म्हणाली.

पाच वर्षं हे चाललं. बसमध्ये लोक तिच्या समोरची जागा सोडून उठायचे, कारण ही बाई एकटक बघत बसायची. तिने एका वहीत कर्जाचा हिशेब ठेवला होता, महिन्याचं व्याज पैशापर्यंत काढून. बँकेचा कागद ती मानत नसे. बँकेकडून पाकीट आलं की ती ते फोडायचीच नाही. त्यावर आल्याची तारीख लिहून तसंच बंद ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "उद्या वाद झाला तर फोडलेलं पाकीट पुरावा म्हणून कोण धरणार? म्हणतील, तूच आत काहीतरी घातलंस." मोबाईलवर बँकेचं ॲप घे म्हटलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरांच्या टोळीत सामील झाले आहे.

या वर्षी डोळेवाल्या गृहस्थांचं पत्र आलं. त्यांचा हात आता थरथरायला लागला आहे. अजून एक शिष्य घेतील आणि मग काम बंद करतील. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला या, नाहीतर दुसऱ्या कोणाला बोलावतो. ताईने वही उघडली. वहीप्रमाणे एक हप्ता उरला होता. एकच. ती इतकी खूश झाली की मला पूर्ण कप चहा दिला.

कर्ज मिटवायला मी तिच्याबरोबर गेले. साक्षीदार म्हणून, ती म्हणाली. बँकेच्या खिडकीतल्या बाईने संगणकात बघितलं, परत बघितलं, आणि आम्हाला आत साहेबांकडे पाठवलं. साहेब वयाने माझ्याएवढे असतील, टेबलावर झाडाची कुंडी आणि तिच्याशेजारी अर्धवट खाल्लेलं बिस्किट.

"बाई, तुमचे अजून पाच वर्षं आठ महिने बाकी आहेत," ते म्हणाले.

ताई हसली. आयुष्यभर ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो आला, अशी ती हसली. पिशवीतून दहा पावत्या काढून तिने टेबलावर एकाखाली एक मांडल्या. प्रत्येकीवर बँकेचा शिक्का. "आता बोला," म्हणाली.

साहेबांनी पावत्या बघितल्या, मग बाहेरून दहा अर्ज मागवले. पैसे भरताना तिने भरलेलेच अर्ज. प्रत्येक अर्जावर मधोमध एक ओळ होती, 'रक्कम कशापोटी जमा करावी', आणि समोर दोन चौकोन: मुद्दल कमी करण्यासाठी, किंवा पुढच्या हप्त्यांपोटी. दोन्ही चौकोनांवरून लाल पेनाची रेघ गेली होती. दहाही अर्जांवर.

"हे तुम्ही खोडलंय," साहेब म्हणाले.

"खोडणारच. कोरे होते. तुमची ती खिडकीतली म्हणाली, राहू द्या, ते आम्ही भरतो. आम्ही भरतो म्हणजे काय? माझ्या अर्जावर तुम्ही कोण भरणार?"

साहेबांनी डोळे मिटले. मग हळू आवाजात समजावलं. चौकोन नुसते कोरे असते तर खिडकीतल्या बाईने विचारून खूण केली असती. पण ग्राहकाने स्वतः खोडलेल्या जागी बँकेला काहीही लिहिता येत नाही. म्हणून पैसे घेतले, पावती दिली, आणि रक्कम उचंत खात्यात टाकली. ज्या पैशाचं काय करायचं ते कोणी सांगितलेलं नाही तो पैसा ठेवायची ती जागा. पैसा सुरक्षित होता, पैसा न् पैसा. फक्त कर्जातून एक पैसाही कमी झाला नव्हता. पाच वर्षं ताई पूर्ण कर्जावर व्याज भरत होती.

"आम्ही दर वेळी पत्र पाठवलं, बाई. दहा पत्रं."

ताईने पावत्या एकेक करून उचलल्या. तिचा चेहरा तिच्या साच्यांसारखा पांढरा पडला होता.

घरी येऊन तिने पाकिटांचा गठ्ठा पलंगावर ओतला. मी खाली बसून फोडायला लागले, ती बघत राहिली. मधूनमधून ती पत्रं निघत होती, सगळी सारखी. आपली रक्कम मिळाली, ती कशापोटी जमा करावी ते कृपया कळवावे. शेवटच्या तिनांत खाली कोणीतरी हाताने लिहिलं होतं, 'बाई, एकदा येऊन जा.' मला तर त्या कोणा कारकुनाबद्दल वाईट वाटायला लागलं.

उचंत खात्यातले पैसे आता कर्जात वळते केले तरी अकरा हप्ते उरत होते. वहीतला एक आणि व्याजात वाया गेलेले दहा. ताईजवळ वर्षभराच्या जेवणाखाण्याचे पैसे बाजूला होते, पण त्यातून हप्ते निघणार नव्हते. आणि एक तारखेला अठरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मला वाटलं होतं ती रडत असेल. ताई टेबलाशी बसून लिहीत होती. गाल लाल, डोळ्यांत चमक. चार पानं लिहून झाली होती.

"तक्रार," ती म्हणाली. "बँकेच्या मोठ्या कचेरीत, मग त्याच्या वरती, मग कोर्टात. व्याज परत घेतल्याशिवाय सोडणार नाही. निघताना साहेब स्वतःच म्हणाला ना, तक्रारीच्या निकालाला वर्ष-दीड वर्ष लागेल? लागू दे. प्रत्येक तारखेला हजर राहीन. पाकिटं तू फोडलीस तेवढी एक गडबड झाली, पण ते बघता येईल."

"आणि डोळे?"

"त्यांना कळवते. दुसरीला घेऊ दे."

ते तिने इतक्या सहज म्हटलं की मला धक्काच बसला. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"ताई, ऐक. मी माझी भाड्याची खोली सोडते आणि वर्षभर इथे राहते. मी भाडं भरतेच ना? तेच तुझ्या हप्त्यात भरते. थोडं कमी पडेल, ते मी रविवारचे दोन विद्यार्थी घेऊन काढते. अकरा महिने. तू जा."

ताईने पेन खाली ठेवलं आणि माझ्या डाव्या डोळ्यात बघितलं, मग उजव्यात.

"तू माझी सायकल मैत्रिणीला दिली होतीस," ती म्हणाली. "ती परत आली नाही."

"एकोणीस वर्षांची होते गं मी!"

"हप्ता चुकला तर बँक नोटीस काढते. तीन चुकले की दाराला चिकटवते. तू शिकवायला जाशील, विसरशील. एखादा शिकाऊ गाडी भिंतीवर घालेल, तुझा हात मोडेल. मग? नाहीतर लग्न करशील, तो माणूस म्हणेल, बहिणीचे हप्ते आपण का भरायचे? मग?"

"कोणता माणूस?"

"मला काय माहीत? कोणीतरी असेल."

एरवी मी हसले असते. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. बावीस वर्षं लोकांचे खोटे दात, पाच वर्षं अर्धा कप चहा, रंगवलेले पन्नास डोळे, आणि आता सगळं सोडून ही बाई कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला आनंदाने तयार. आनंदाने! मला तोच आनंद खटकत होता.

"ताई, एक विचारू? खरं सांग. मी हप्ते बुडवीन अशी तुला भीती आहे, की बुडवणार नाही अशी?"

तिने पेनाला टोपण लावलं.

"कारण मी वेळेवर भरले तर तुला इथे थांबायला कारणच उरत नाही. बँकेने फसवलं म्हणून थांबले, असं तुला मरेपर्यंत सांगता येईल. लोकांना खरंही वाटेल. तू सगळ्या जगावर संशय घेतलास. स्वतःवर कधी घेतलास का?"

हे मी बोलून गेले. असं कोणी ताईशी बोलत नाही. मी तर नाहीच नाही. खिडकीखाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. ताईने लिहिलेली चार पानं उचलली, सारखी केली, परत ठेवली.

"त्यांना पत्र लिहिलं तेव्हा मी चव्वेचाळीसची होते," ती म्हणाली. "आता एकोणपन्नास. त्यांनी माझी बुबुळं बघितलीत ती मी इथे बसून, हवा तितका वेळ घेऊन, चार वेळा खोडून केलेली. तिथे समोर माणूस बसणार. एका डोळ्याचा माणूस. त्याला उठून घरी जायचंय, आणि माझा हात चालला नाही तर? मेणातला दात चुकला तर वितळवून परत बसवता येतो. त्याला काय सांगू?"

"म्हणून?"

"म्हणून काही नाही. भीती वाटते." मग ती पानं बाजूला सरकवत म्हणाली, "फार वाटते गं."

ताईला भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. तिचा संशय हा मला तिचा खाक्या वाटायचा, तिची ऐट वाटायची. मी उठून तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी मिठ्या मारणाऱ्यांतल्या नाही, तेव्हा नुसत्याच खांद्याला खांदा लावून बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "रविवारचे विद्यार्थी घेऊ नकोस. पाठ दुखते तुझी. कमी पडेल ते मी माझ्यातून देईन." मला कळलं, ती जाणार.

जाईपर्यंतचे दिवस तिने मला सळो की पळो करून सोडलं. गॅसची टाकी कशी बंद करायची ते तीनदा दाखवलं, आणि मी बंद केल्यावर स्वतः परत बंद केली. शेजारच्यांना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मला शेजारच्यांवर. बँकेत जाऊन साहेबांसमोर बसून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, चौकोनात स्वतःच्या हाताने खूण केली: मुद्दल कमी करण्यासाठी. मग तो अर्ज साहेबांना मोठ्याने वाचायला लावला. स्टेशनवर गाडी सुटायच्या आत तिने डब्याच्या पायरीवरून मला शेवटचं सांगितलं, "मालकांना सांग, नव्या मुलीला साचे नीट बघायला शिकवा. ती फार लवकर हो म्हणते."

पहिला हप्ता महिन्याच्या सात तारखेला होता. मी तो चारलाच भरला. पावतीचा फोटो काढला, पावती फाईलला लावली, फाईल कपाटात ठेवली. सात तारखेला सकाळपासून मी फोनकडे डोळे लावून बसले. शिकाऊ बाई चौकात गाडी बंद पाडून रडकुंडीला आली होती आणि मी मांडीवर फोन धरून बसले होते. ताई विचारणार. कितीला भरला, कोणत्या खिडकीवर भरला, कशापोटी लिहिलं, पावतीवरचा आकडा वाच. मी सगळी उत्तरं पाठ केली होती. फोन आला नाही. आठला नाही. नऊला माझ्याच मनात यायला लागलं, की भरला ना नक्की? फाईल काढून पावती परत बघितली. शिक्का होता.

दहा तारखेला संध्याकाळी फोन आला. ताई पाऊण तास बोलली. एक शाळामास्तर आला होता, एका अपघातात डोळा गेलेला. त्याचं बुबुळ तपकिरी, पण मधोमध जवळजवळ हिरवं, आणि तो हिरवा काही केल्या जमत नव्हता. म्हाताऱ्यांनी तिला सात वेळा पुसायला लावलं. आठव्यांदा जमलं. मास्तर आरशासमोर बसला आणि डोळा घातल्यावर त्याने आरशात बघितलंच नाही, बायकोकडे वळला आणि म्हणाला, तू सांग कसा दिसतोय. बायकोने नुसता त्याच्या गालाला हात लावला. मग लाल रेशीम तिथे किती बारीक मिळतं ते तिने सांगितलं. म्हातारे चहा फार गोड करतात ते सांगितलं.

हप्त्याचं नाव नाही.

शेवटी मलाच राहवेना. "ताई, हप्ता भरला बरं का. चार तारखेलाच भरला."

"अगं हो का?" ती म्हणाली. "मी तर विसरूनच गेले होते."

विसरली? ताई? जिला सायकल वीस वर्षं आठवते ती? मला एका क्षणात कळलं की ती खोटं बोलते आहे. सात तारखेला ती दिवसभर फोन हातात घेऊन बसली असणार, नंबर काढून परत ठेवला असणार, आठला, नऊलाही. आणि विचारलं नाही. मीही ओळखल्याचं दाखवलं नाही. बरं, काळजी घे, म्हणाले, फोन ठेवला, आणि तिच्या ओट्याला टेकून उभ्या-उभ्या पोटभर रडले.